कटऑफ नसलेला प्रवेश: अमेरिकेत डीपीटीला जायचं तर काय काय लागतं

गणपतीच्या दिवसांत कोल्हापूरहून पुतण्याचा फोन आला. बीपीटीएच, म्हणजे आपल्याकडची फिजिओथेरपीची पदवी झालीय, इंटर्नशिप संपत आलीय. "काकू, तिकडं डीपीटीला कटऑफ किती लागतो?" त्याच आठवड्यात इथे न्यू जर्सीत आरतीनंतर ताटं वाढता वाढता माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, माझा जीपीए चालेल का गं?" (जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडची ४ पैकी सरासरी.) ती इथेच लहानाची मोठी झाली, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोघांनाही अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट व्हायचंय, आणि डीपीटी ही इथली त्याची पदवी. प्रश्न वरवर एकच, पण दोघांचे रस्ते इतके वेगळे आहेत की एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला दिला तर त्याची दोन-तीन वर्षं आणि काही लाख रुपये सहज पाण्यात जातील. मी स्वतः बीपीटीएच मुंबईत करून इकडे आले, त्यामुळे मला दोन्ही बाजूंचे फोन येतात. तेच एकदा नीट लिहून काढते.

गोची शब्दापासूनच सुरू होते. आपल्याकडे 'ग्रॅज्युएट' म्हणजे पदवी पदरात पडलेला माणूस. अमेरिकेत 'ग्रॅज्युएट प्रोग्रॅम' म्हणजे पदवीच्या नंतरचं शिक्षण. आणि फिजिओथेरपी (इथे तिला फिजिकल थेरपी म्हणतात) इथे पदवीच्या नंतरच शिकवतात. बारावी झाली, नीट दिली, फिजिओला लागलो असा प्रकार नाही. आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, मग साधारण तीन वर्षांचा 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी', म्हणजे डीपीटी. काही विद्यापीठं तीन अधिक तीन अशी सहा वर्षांची सलग सोय करतात, पण सरधोपट वाट सात वर्षांची.

पूर्वी असं नव्हतं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना पुन्हा उभं करायला 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणून तरुणी भरती झाल्या, त्यांतून हा व्यवसाय उभा राहिला. १९२१ मध्ये त्यांची संघटना झाली, मेरी मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्ष. प्रमाणपत्र, मग पदवी, मग मास्टर्स असं करत करत १९९३ मध्ये नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठाने थेट डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'कॅप्टी' या मंडळाने २०१५ च्या अखेरीपर्यंत सगळ्यांनाच डीपीटीवर यायला लावलं. म्हणून आज इथे नव्याने शिकणाऱ्याला दुसरा पर्यायच नाही. हा डॉक्टर म्हणजे एमडी नव्हे आणि पीएचडीही नव्हे. हे मी लग्नकार्यात किमान दहा वेळा समजावलेलं आहे.

आधी भाचीचा रस्ता

कटऑफ नसतो. राज्यभराची एक परीक्षा, एक गुणवत्ता यादी, पहिली फेरी, दुसरी फेरी, स्पॉट राउंड, यातलं काहीही नाही. मान्यता असलेले तीनशेच्या आसपास अभ्यासक्रम आहेत आणि प्रत्येकाची अट स्वतःची. एक म्हणणार सायकॉलॉजीचे दोन कोर्स हवेत, शेजारच्या गावातलं म्हणणार एक पुरे. अर्ज मात्र बहुतेकांचा एकाच दारातून जातो. त्या ऑनलाइन व्यवस्थेला 'पीटीकॅस' म्हणतात. जूनच्या मध्यावर ती उघडते, आणि त्या अर्जावर पुढच्या वर्षी वर्ग सुरू होतात.

पदवी कशातली हवी? कशातलीही चालते. व्यायामशास्त्रवाले जास्त दिसतात, पण इतिहास शिकून आलेला माणूस माझ्या ओळखीत आहे. पदवीचं नाव कुणी फारसं विचारत नाही, त्या चार वर्षांत ठरावीक विषय केले का हे विचारतात. साधारणपणे शरीररचना आणि शरीरक्रिया मिळून दोन सत्रं, केमिस्ट्री दोन सत्रं, फिजिक्स दोन सत्रं, ही सगळी लॅबसकट. शिवाय बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी. कुठे इंग्रजी लेखन, कुठे व्यायामाचं शरीरशास्त्र जोडलेलं असतं.

फिजिक्स कशाला, असं भाचीने तोंड वाकडं करून विचारलं. तिला म्हटलं, आजी विहिरीवरून पाणी आणायची ती कळशी कमरेवर घेऊन. तीच भरलेली कळशी हात लांब करून धर बघू. वजन तेवढंच, पण खांदा निघून हातात येईल. वजन सांध्यापासून जितकं दूर, तितका त्याचा सांध्यावरचा पिळा मोठा. याला फिजिक्समध्ये टॉर्क म्हणतात, आणि खांद्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला कोपर वाकवून हात उचलायला सांगायचं की सरळ ठेवून, हा निर्णय त्याच्यावरच होतो.

या विषयांच्या यादीत खाचखळगे बरेच आहेत आणि मुलं तिथेच अडकतात. बहुतेक ठिकाणी सी ग्रेड चालते, सी-मायनस चालत नाही. नुसत्या रेघेने अख्खा कोर्स बाद. विज्ञान न घेणाऱ्यांसाठी जे सोपे, वरवरचे सायन्स कोर्स असतात तेही धरत नाहीत. ऑनलाइन लॅब कोणी घेतं, कोणी नाही. जुने कोर्स शिळे होतात, कुठे पाच वर्षांत, कुठे दहा. दोन-तीन विषय अजून चालू असले तरी अर्ज करता येतो, पण किती बाकी चालतील हे पुन्हा ज्याचं त्याचं.

आता जीपीए. भाचीच्या काळजीचं मूळ इथे होतं. पहिल्या वर्षी घरात आजारपण चालू होतं, त्यात तिला केमिस्ट्रीत डी मिळाला. तिने तोच कोर्स पुन्हा केला आणि ए आणला. तिच्या कॉलेजात पुन्हा केलेल्या कोर्सची नवी ग्रेड धरतात आणि जुनी हिशोबातून वगळतात, म्हणून तो डी पुसला गेला असं तिने धरलं होतं. पीटीकॅस वगळत नाही. केलेला प्रत्येक प्रयत्न ते मोजतात. आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. समजा विज्ञानाचे एकूण ४० क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) आहेत; ए ला क्रेडिटमागे ४ गुण, डी ला १. त्यातल्या ३६ ची सरासरी ३.५, म्हणजे १२६ गुण. केमिस्ट्रीचे ४ क्रेडिट ए ग्रेडने, म्हणजे १६. एकूण १४२, भागिले ४०, आले ३.५५. कॉलेजचा कागद हे दाखवतो. पीटीकॅस त्यात डीचे ४ क्रेडिट आणि ४ गुण मिळवणार. १४६ भागिले ४४. झाले ३.३२.

"अगं पण मी तर सुधारले ना!" भाची म्हणाली. सुधारलीस, आणि ते दिसतंही. कारण प्रवेश ठरवणारी माणसं नुसता शेवटचा आकडा बघत नाहीत, वर्षागणिक चढण आहे की उतरण हेही बघतात. पुष्कळ अभ्यासक्रमांची किमान अट ३.० असते, प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.५ च्या आसपास किंवा वर असते. म्हणजे ३.३२ म्हणजे दार बंद असं नाही, पण अर्जाच्या बाकीच्या भागांनी वजन उचलायला हवं. कुठे अर्ज करायचा ती यादीही जरा शहाणपणाने करायला हवी. ज्या कॉलेजांत शेवटच्या साठ क्रेडिटांचा जीपीए वेगळा पाहतात ती तिच्या फायद्याची. अशी कॉलेजं असतात, त्यांच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, पण कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

जीआरईचं, म्हणजे पदवीनंतरच्या प्रवेशांसाठीच्या सामायिक परीक्षेचं, प्रस्थ आता कमी झालंय. अनेकांनी ती अट काढूनच टाकली. ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी: शब्द आणि गणित या दोन भागांत प्रत्येकी १३० ते १७० गुण, लेखनाला ० ते ६. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, दोन तासांना दोन मिनिटं कमी. गुण पाच वर्षं चालतात. यादीतल्या एकाच कॉलेजला जीआरई लागत असेल तर ते कॉलेजच यादीतून काढावं, असं माझं मत आहे. तो वेळ ॲनाटॉमीला द्यावा.

बघायला जायचे तास

आपल्याकडच्या मुलांना ऐकून सगळ्यात नवल वाटतं ते या अटीचं. प्रवेशाच्या आधीच एखाद्या परवानाधारक फिजिकल थेरपिस्टच्या मागे उभं राहून काम बघायचं. कुठे ४० तास लागतात, कुठे १००, कुठे एकही नाही. काही ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारच्या जागा हव्या असतात, म्हणजे थोडे तास बाहेरच्या क्लिनिकमध्ये आणि थोडे हॉस्पिटलच्या वॉर्डात. तास पूर्ण झाले की थेरपिस्टकडून ते तपासून घ्यायचे.

भाचीने सुरुवातीला ही हजेरीच धरली. आठ तास उभी राहिली, वहीत "८ तास" लिहिलं, घरी आली. मी वही बघितली आणि म्हटलं, याने काही होणार नाही, काय बघितलंस ते लिही. मग तिने लिहायला सुरुवात केली. एक आजोबा, गुडघा बदललेला. थेरपिस्ट दर भेटीला गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायची दोन पट्ट्यांची मोजपट्टी, गुडघ्याच्या बाजूला लावून बघायची. पहिल्या दिवशी ७८ अंश. दोन आठवड्यांनी ८४. आजोबा वैतागले, सहा अंशांसाठी एवढं रडवलंत? थेरपिस्टने त्यांना कमोडच्या उंचीच्या स्टुलावर बसायला लावलं. मागच्या खेपेला पाय पुढे फेकून धपकन बसले होते, या वेळी हात न टेकता बसले. काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा एकदा उठून बसून बघितलं.

हे तिने वहीत लिहिलं, आणि पुढे निबंध आणि मुलाखत दोन्हीकडे हेच कामाला येतं. रुग्णाचं नाव मात्र कुठेही लिहायचं नाही. १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाची माहिती खाजगी आहे, आणि निबंधात कुणाचं नावगाव आलं तर वाचणाऱ्याच्या मनात पहिली फुली तिथेच पडते.

निबंधाला ४,५०० अक्षरांची मर्यादा, त्यात मोकळ्या जागाही मोजतात. म्हणजे जेमतेम दीड पान. आपली मुलं (मीही त्यांतलीच होते) सुरुवात "लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती" अशी करतात. सेवा नर्सही करते, ॲम्ब्युलन्सचा चालकही करतो. फिजिओच का, याचं उत्तर त्या स्टुलावर होतं.

शिफारसपत्रं जास्तीत जास्त चार जोडता येतात. कुणाची हवीत ते कॉलेज सांगतं, बहुधा एक विज्ञानाच्या प्राध्यापकांचं आणि एक थेरपिस्टचं. पत्र ते थेट व्यवस्थेत भरतात, तुमच्या हातात देत नाहीत. अर्जात एक खूण करायची असते की हे पत्र बघण्याचा माझा हक्क मी सोडते. तो सोडावा. तुम्ही वाचणार असाल तर पत्र गुळमुळीत लिहिलंय, असंच समोरचा धरून चालतो. आणि मागताना निदान महिनाभर आधी मागावं. ज्या थेरपिस्टकडे तीन दिवस काढले त्यांच्याकडे पत्र मागू नये, त्यांना तुमचा चेहरासुद्धा आठवत नसतो.

मग मुलाखत. कुठे समोरासमोर, कुठे स्क्रीनवर, कुठे पाच-सहा जणांचा गट करून एक प्रसंग देतात आणि तुम्ही इतरांना बोलू देता का हे बघतात. जो सगळ्यांच्या आधी बोलतो आणि सगळ्यांच्या नंतर थांबतो त्याचं काय होतं, हे आपल्या सोसायटीच्या मीटिंगा बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट वेळेची. अनेक कॉलेजं अर्ज येतील तसे बघतात आणि जागा वाटत जातात. शेवटची तारीख डिसेंबर असली तरी निम्मा वर्ग ऑक्टोबरात भरलेला असू शकतो. त्यात पीटीकॅसला तुमच्या कॉलेजकडून अधिकृत गुणपत्रिका आल्याशिवाय पडताळणी सुरू होत नाही, आणि तिला काही आठवडे जातात. प्रत्येक कोर्सचं नाव, क्रमांक, क्रेडिट, ग्रेड हाताने भरायचं असतं. भाचीने एक संध्याकाळ धरली होती, तीन लागल्या.

पैशाचं थोडक्यात. खाजगी विद्यापीठात तीन वर्षांची नुसती फी लाख डॉलरच्या वर जाणं नवलाचं नाही. आपल्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात बरीच कमी. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी 'ग्रॅड प्लस' हे केंद्र सरकारचं कर्ज बंद झालं, ज्याच्या भरवशावर आधीच्या बॅचेस शिकल्या. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांना "तुम्ही कसं जमवलंत" हे विचारण्यात आता फार अर्थ नाही.

प्रवेश झाल्यावर लसीकरणाचे कागद, क्षयाची चाचणी, पोलीस पडताळणी, सीपीआरचं प्रमाणपत्र येतंच. ही कामं कंटाळवाणी असली तरी अवघड नाहीत.

आता पुतण्याचा रस्ता

त्याला मी पहिल्यांदा उलटा प्रश्न विचारला. "तुला डीपीटी पदवी हवीय की अमेरिकेत काम करायचा परवाना?"

तो जरा थांबला. "एकच ना ते, काकू?"

एकच नाही. तू फिजिओथेरपिस्ट झालेलाच आहेस. परळच्या केईएममध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या शिक्षणाची शाळा निघाली, तेव्हापासून आपल्याकडची मुलं जगभर जाऊन काम करताहेत. इथे पुन्हा पहिल्यापासून डीपीटी करायचं तर भाचीची सगळी यादी तुला लागू होईल. तुझ्या गुणपत्रिकेवर ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी भरभरून आहे, पण केमिस्ट्री आणि फिजिक्स लॅबसकट दोन-दोन सत्रं? ते तू अकरावी-बारावीत केलंस, आणि ते इथे शाळेत जमा होतं. बऱ्याच ठिकाणी हे विषय अमेरिकेतल्याच कॉलेजात केलेले लागतात. म्हणजे आधी वर्षभर ते, मग तीन वर्षं, मग परवान्याची परीक्षा. विदेशी विद्यार्थ्याला सरकारी कर्जही नाही. जे तुला येतं तेच शिकायला एवढा पैसा?

दुसरी वाट मूल्यांकनाची. 'एफसीसीपीटी' सारखी संस्था तुझं सगळं शिक्षण इथल्या पदवीशी विषयवार ताडून बघते. त्यासाठी त्यांच्याकडे एक ठरीव मोजमाप असतं. त्यात नुसते फिजिओचे विषय नसतात, भाषा, समाजशास्त्र, गणित असले सर्वसाधारण विषयही मोजतात. आपली मुलं हमखास तिथे कमी पडतात, कारण आपल्याकडे बारावीनंतर थेट व्यवसायाचंच शिक्षण सुरू होतं. कमी पडलेले क्रेडिट वेगळे करून भरून काढता येतात. एमपीटीएच (फिजिओची मास्टर्स) केलं असेल तर त्याचेही कागद जोडायचे.

मूल्यांकन पार पडलं आणि ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या मंडळाने मान्य केलं की 'एनपीटीई' ही परवान्याची परीक्षा. २२५ प्रश्न, पाच तास. गुण २०० ते ८०० च्या मापात देतात, ६०० ला पास. आयुष्यात सहाच वेळा बसता येतं, आणि केंद्रं अमेरिकेतच आहेत. इथे शिकलेल्या डीपीटीवाल्यालाही हीच परीक्षा. शिवाय इंग्रजीची चाचणी, आणि व्हिसासाठी आरोग्यसेवकाचं वेगळं प्रमाणपत्र. ग्रीन कार्डच्या नियमांत फिजिकल थेरपिस्टला 'शेड्यूल ए' मध्ये घातलंय, म्हणजे अमेरिकन माणूस मिळत नाही हे मालकाला जाहिराती देऊन सिद्ध करावं लागत नाही. पण त्याने एक पायरी वाचते, भारतीयांची लांबलचक रांग काही वाचत नाही.

पुतण्या पुढे म्हणाला, त्याच्या एका मित्राला एजंटने 'पोस्ट-प्रोफेशनल डीपीटी' ला प्रवेश मिळवून दिलाय, जीआरई नाही, काही नाही, लगेच. हे ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. हा अभ्यासक्रम खोटा नसतो. आधीच फिजिओ असलेल्यांसाठी, पदवी वरच्या पायरीला नेण्यासाठी तो असतो, आणि मूल्यांकनात कमी पडलेले क्रेडिट भरायला काहींना त्याचा उपयोगही होतो. पण कॅप्टीची मान्यता फक्त पहिल्यापासून शिकवणाऱ्या डीपीटीला असते, याला नसते. म्हणजे नावापुढे डीपीटी लागतं, पण त्याच्या जोरावर परवाना मिळत नाही. मूल्यांकन आणि परीक्षा तशीच समोर उभी राहते. एजंट "डीपीटी" एवढंच मोठ्याने म्हणतो, पुढचं म्हणत नाही. म्हणून आधी मूल्यांकन करून घ्यायचं, काय कमी आहे त्याचा कागद हातात घ्यायचा, आणि मग तेवढंच शिकायचं. उलटं करायचं नाही.

"मग मी आत्ता काय करू?" त्याने विचारलं.

त्याला एकच काम सांगितलं. गुणपत्रिका विद्यापीठाकडून सीलबंद जाईल ते जाईल. त्याच्यासोबत तू शिकलास त्या वर्षांचा सविस्तर अभ्यासक्रम लागतो, प्रत्येक विषयाचे तास आणि इंटर्नशिपचे तास धरून. आत्ताचा नवा सिलॅबस चालत नाही, तुझ्याच बॅचचा हवा. इंटर्नशिप संपून हॉस्टेल सोडलंस की हा कागद मिळवायला पाचपट वेळ लागतो. मी स्वतः इकडून आठ महिने मेल करत बसले होते, शेवटी आईला पाठवलं तेव्हा कपाटातून निघाला.

परवा त्याचा मेसेज आला. "काकू, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचा मिळाला, शिक्क्यासकट. तिसऱ्याचं पान फाटलंय, साहेब म्हणाले सोमवारी या."